घरी जमून जुनं कोरल संगीत गाणाऱ्यांचं ग्रंथालय: सीपीडीएल

कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी, म्हणजे सगळे जिला सीपीडीएल म्हणतात, ती समूहगायनाच्या स्वरलेखनांची मोफत ऑनलाइन लायब्ररी मी आठवड्यातून एकदा तरी उघडतेच. ती नसती तर आमचा गट उभाच राहिला नसता, म्हणून तिच्याबद्दल मराठीत सविस्तर लिहायचं ठरवलं. पुण्या-मुंबईत आणि परदेशात कॉयरमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य समूहगायनाच्या गटात, गाणारे मराठी लोक आता बरेच भेटतात. त्यांतल्या पुष्कळांना हे संकेतस्थळ नावानं माहीत असतं, पण तिथून नेमकं काय आणि कसं उचलायचं ते कुणी सांगितलेलं नसतं.

आमचा गट इंग्लंडमध्ये रेडिंगला आहे. सोप्रानो शेजारच्या गल्लीत राहणारी नर्स, दोन टेनरांपैकी एक शाळेत गणित शिकवतो आणि दुसरे निवृत्त रेल्वेचालक, बास टपाल वाटणारा, आणि आल्टो मी, दुकानातली फार्मासिस्ट. (सोप्रानो सर्वांत उंच आवाज, त्याखाली आल्टो, मग टेनर, आणि बास सर्वांत खालचा.) गायन हा कुणाचाच पेशा नाही. कंडक्टर नाही, श्रोते नाहीत, कार्यक्रम करायचा नाही. गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जेवणाचं टेबल मोकळं करायचं, पानं मांडायची आणि सोळाव्या शतकातलं संगीत गायचं, एवढंच.

हे संगीत ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी मिरजेत वाढले. घरात भजन, आत्याकडे ख्याल. भजनात एक जण म्हणतो आणि बाकीचे तीच ओळ उचलतात. ख्यालात गाणारा एक, बाकी साथीला. टॅलिस किंवा बर्ड या सोळाव्या शतकातल्या इंग्लिश संगीतकारांच्या संगीतात मुख्य गायक नसतोच. चार किंवा पाच आवाज, प्रत्येकाची चाल वेगळी आणि प्रत्येक चाल पूर्ण. टेनर एक ओळ सुरू करतो, ती संपायच्या आत आल्टो तीच ओळ वेगळ्या स्वरावरून उचलते, मग सोप्रानो, मग बास, आणि तोवर टेनर पुढे निघून गेलेला असतो. साथीला वाद्य लागत नाही. आपल्या ओळीची जबाबदारी आपल्या एकट्याची, आणि तरी कान सतत बाकीच्या चौघांकडे. मला या गाण्याची ओढ लागली ती याच्यामुळे.

आता ग्रंथालयाकडे वळते. राफाएल ऑर्नेस यांनी डिसेंबर १९९८ मध्ये सीपीडीएल सुरू केलं. ऑगस्ट २००५ मध्ये ते विकीच्या रूपात आलं, म्हणून त्याला कोरलविकी असंही म्हणतात. जगभरातले स्वयंसेवक जुनं संगीत संगणकावर नव्यानं मांडतात आणि तिथे चढवतात. तीस हजारांहून जास्त रचना आहेत. उतरवून घ्यायला पैसे नाहीत, खातं उघडावं लागत नाही. पीडीएफ उतरवा, पाच प्रती छापा, गा. दुकानातून विकत घेतलेल्या प्रतीची फोटोकॉपी काढून वाटणं इथे बेकायदा आहे. सीपीडीएलवरच्या बहुतेक प्रतींवर मात्र, छापा, वाटा, गा, असं मांडणाऱ्यानं स्वतःच लिहिलेलं असतं. (सगळ्याच प्रतींवर नाही. कॉपीराइटची ओळ वाचायची सवय ठेवा.)

या फुकटपणाचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. १५७५ साली पहिल्या एलिझाबेथ राणीनं थॉमस टॅलिस आणि विल्यम बर्ड या दोघांना संगीत छापण्याचा मक्ता दिला, २१ वर्षांचा. नुसतं संगीतच नाही, संगीत लिहिण्यासाठी रेषा आखलेला कोरा कागद छापायचा हक्कसुद्धा त्यांचाच. त्याच वर्षी दोघांनी मिळून ३४ लॅटिन रचनांचा संग्रह काढला, १७ याच्या, १७ त्याच्या. तो फारसा खपला नाही आणि दोनच वर्षांत त्यांना राणीकडे अर्ज करावा लागला की आम्ही नुकसानीत आहोत. आज रेडिंगमधला टपालवाला त्याच दोघांचं संगीत घरच्या प्रिंटरवर छापून आणतो. मला यात फार आनंद वाटतो.

सीपीडीएलवर एखाद्या रचनेचं पान उघडलं की वर आवृत्त्यांची यादी येते. प्रसिद्ध रचनांच्या दहा-दहा, पंधरा-पंधरा आवृत्त्या असतात. प्रत्येकीला क्रमांक, चढवल्याची तारीख, मांडणाऱ्याचं नाव, पानांची संख्या, कागदाचा आकार आणि एखादी टीप. खाली आवाजांची रचना, भाषा, पहिल्यांदा कधी छापली गेली ती माहिती, आणि बहुतेक वेळा मूळ शब्द व त्यांचं भाषांतर. लॅटिन न येणाऱ्यांना हे शेवटचं फार उपयोगी पडतं. (लॅटिन उच्चार मराठी माणसाला सोपे जातात. आ, ए, ई, ओ, ऊ आपण जसे म्हणतो तसेच म्हणायचे. इंग्रजांना त्यावर कष्ट घ्यावे लागतात.)

इतक्या आवृत्त्यांमधून निवडायची कोणती, हाच सीपीडीएल वापरण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. इथे संपादक मंडळ बसलेलं नाही. कुणीही मांडू शकतो, त्यामुळे दर्जा कमी-जास्त असणारच. सबंध आयुष्य हस्तलिखितं वाचण्यात घालवलेल्या माणसाची प्रत आणि आपल्या कॉयरसाठी घाईनं मांडलेली प्रत एकाच यादीत शेजारी असतात. यादीतली पहिली प्रत उतरवून मोकळं होणं मला पटत नाही. मी तीन-चार उघडते आणि पहिलं पान नीट पाहते.

सर्वांत आधी बघते ते सुरुवातीला मूळ छापील प्रतीतली चिन्हं दिली आहेत का. चांगला मांडणारा प्रत्येक आवाजापुढे मूळ क्लेफ (कोणत्या ओळीवर कोणता स्वर ते सांगणारं चिन्ह) आणि मूळ पहिला स्वर लहान आकारात दाखवतो, आणि त्या आवाजाचा सर्वांत खालचा व सर्वांत वरचा स्वरही. त्यावरून दोन गोष्टी कळतात: त्यानं मूळ पट्टी बदलली आहे का, आणि आपल्याला हे झेपेल का. दुसरी गोष्ट माझ्यासारखीला फार महत्त्वाची. ट्यूडर काळातला, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधला, आल्टो पुरुष गात. त्यामुळे पानावर नुसतं 'आल्टो' लिहिलेलं असलं तरी ती ओळ कित्येकदा बायकांना फार खाली जाते आणि टेनरला फार वर. एसएटीबी (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) या चार अक्षरांवर विश्वास ठेवून छापू नका, पल्ला पाहा.

मग बारच्या रेषा. मूळ छापील प्रतींत त्या नव्हत्याच. हात खाली-वर करत सावकाश ठोका धरायचा आणि शब्दांच्या वजनानं गायचं. आज संगणकावर मांडताना दर चार मात्रांनी उभी रेषा येते, आणि रेषा दिसली की गाणारा तिथे सम आल्यासारखा जोर देतो. शब्दाचं वजन भलतीकडे, जोर भलतीकडे. काही मांडणारे रेषा स्वरांच्या पाच ओळींवर न काढता दोन आवाजांच्या मधल्या मोकळ्या जागेत काढतात. मात्रा मोजायला आधार मिळतो आणि चाल तुटत नाही. अशी प्रत मिळाली तर दुसरी बघूच नका. स्वरांची लांबी मुळात होती तेवढीच ठेवली आहे की निम्मी केली आहे, हेही टिपेत दिलेलं असतं. निम्मी केलेली प्रत नव्यांना वाचायला सोपी जाते, पण पान काळं दिसतं आणि लोक पळायला लागतात.

तिसरी गोष्ट आपल्या गाण्यात वाढलेल्यांना लगेच समजेल. त्या काळी प्रत्येक कोमल-शुद्ध लिहून ठेवत नसत. ओळ सा वर येऊन संपणार असेल तर लिहिलेला कोमल नी गायकानं स्वतःच शुद्ध करायचा, हे त्याला माहीतच असे. आजचा संपादक असे स्वर सुचवतो, पण स्वतःची चिन्हं स्वराच्या डोक्यावर लहान अक्षरात देतो, म्हणजे मूळ काय आणि त्याचं काय ते वेगळं राहतं. ज्या प्रतीत हा फरक दाखवलेला नाही तिथे बर्ड काय म्हणाला आणि मांडणाऱ्याला काय वाटलं हे कळायला मार्ग नाही. ती मी बाजूला ठेवते.

एक उदाहरण घेते: बर्डचं चार आवाजांचं 'आवे वेरुम कॉर्पुस', १६०५ साली छापलेलं. सीपीडीएलवर याच्या भरपूर प्रती आहेत. मूळ पट्टीतला सा म्हणजे पेटीची पांढरी पाच, गांधार कोमल. अगदी सुरुवातीलाच, 'वेरुम' या शब्दापाशी, सोप्रानोला शुद्ध नी आहे आणि लगेच पाठोपाठ बासला कोमल नी. एकाच रागात दोन्ही निषाद आपण ऐकतो, पण एकाच्या गळ्यातून शुद्ध निघून तो कानातून जायच्या आत दुसऱ्याच्या गळ्यातून कोमल, हे वेगळं. अंगावर काटा येतो. हे दोन स्वर बर्डनं जाणून ठेवले आहेत. संपादकानं ते 'दुरुस्त' केलेले नाहीत ना, एवढं पाहून मी या रचनेची प्रत निवडते. आणि शेवटच्या आमेनवर सुरुवातीचा कोमल गांधार जाऊन शुद्ध गांधार येतो. ज्याच्या वाट्याला तो येईल त्यानं पेटीचा गांधार डोक्यातून काढून टाकावा. पेटीचा शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा चढा असतो, साधारण अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप ऐकू येतो तो धरायचा. चौघांचं जुळलं की टेबलावरचा ग्लाससुद्धा हलकेच वाजतो.

म्हणून सीपीडीएलवर बहुतेक रचनांबरोबर मिळणाऱ्या मिडी फाइलवर (संगणक ती चाल वाजवून दाखवतो) मी फारशी विसंबत नाही. स्वर वाचता न येणाऱ्याला आपली ओळ पाठ करायला ती चालेल, आमचे रेल्वेचालक काका तशीच करतात आणि छान करतात. पण तिचे सगळे स्वर पेटीसारखे समान अंतरावर बसवलेले, श्वास नाही, शब्द नाहीत. चाल एकदा गळ्यात बसली की ती बंद करावी.

पट्टीबद्दल आत्याशी बोलणं झालं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "काय गं, सा कोणता धरता तुम्ही? कागदावरचाच?"

मी म्हटलं, "नाही आत्या. कागदावर पांढरी पाच असते, आम्ही काळी तीन धरतो. नाहीतर सोप्रानो ओरडते."

"मग ठीक. गळा बघून सा ठरवायचा."

त्या काळी सगळीकडे एकच ठरलेली पट्टी नव्हती, आणि वाद्याची साथ नसली की गाणारे आपल्या सोयीचा सा धरू शकत. हे इंग्लंडमधल्या कॉयरवाल्यांना समजावून सांगावं लागतं, मिरजेच्या आत्याला नाही. सीपीडीएलवर एकाच रचनेच्या वेगवेगळ्या पट्टीतल्या प्रती मिळतात ही मोठीच सोय आहे, विशेषतः ज्यांना लिहिलेल्यापेक्षा वेगळं गाताना गोंधळायला होतं त्यांच्यासाठी.

छोट्या गटाला खरा उपयोग शोधयंत्राचा होतो. आवाजांची संख्या, आवाजांचे प्रकार, काळ, भाषा, धार्मिक की लौकिक, हे सगळं एकत्र देऊन शोधता येतं. दर गुरुवारी पाचही जण येतीलच असं नसतं. नर्सची रात्रपाळी असते, टपालवाल्याला पहाटे उठायचं असतं. आज आल्टो, टेनर, बास एवढेच आहेत? तीन आवाजांचं शोधा. बर्डनं तीन, चार आणि पाच आवाजांचे असे तीन मास (कॅथलिक उपासनेत गायचं संगीत) लिहिले आहेत, आमच्यासारख्यांसाठीच लिहिले असावेत असं वाटावं इतके सोयीचे.

एका अर्थानं ते तसेच आहेत. १५९०च्या दशकाच्या पूर्वार्धात ते एकापाठोपाठ एक छापले गेले तेव्हा इंग्लंडमध्ये कॅथलिक मास गाणं गुन्हा होता. म्हणून त्या पुस्तिकांना मुखपृष्ठ नाही, छापणाऱ्याचं नाव नाही, साल नाही. बर्डचं नाव मात्र पानांवर आहे. हे संगीत मोठ्या चर्चसाठी नव्हतं. कॅथलिक राहिलेल्या लोकांच्या घरांत, दारं लावून, जमतील तेवढ्या माणसांनी गायचं होतं. आमच्यापासून फार लांब नाही, मार्लोजवळ थेम्सच्या काठी हार्लीफर्ड नावाची जागा आहे. १५८६ साली तिथल्या एका घरात काही दिवस असं गुप्त गायन चाललं होतं आणि बर्ड स्वतः हजर होता. तिथे असलेल्या एका जेझुइट पाद्र्यानं लिहून ठेवलंय की गाणाऱ्यांत त्या घरातले पुरुषही होते आणि बायकाही. हे वाचल्यापासून बर्डची आल्टोची ओळ गाताना मला ती दुसऱ्याची उसनी घेतल्यासारखी वाटत नाही. माझी त्या धर्मावर श्रद्धा नाही. पण चार आवाजांच्या मासमधला शेवटचा भाग आधी फक्त दोन आवाजांत सुरू होतो, मग तीन, मग चौघे एकत्र येऊन 'आम्हाला शांती दे' या शब्दांपर्यंत पोचतात. तिथे एक स्वर दुसऱ्याला अडून राहतो, मग सोडतो, लगेच पुढचा अडतो. जीव मुठीत धरून गाणाऱ्यांनी कशाची शांती मागितली असेल ते गाताना कळतं.

सीपीडीएलबद्दल माझा एक मतभेद आहे, आणि तो सवयीबद्दल जास्त आहे. तिथे जवळपास सगळं स्कोअरच्या रूपात मिळतं, सगळे आवाज एकाखाली एक. सोळाव्या शतकात गाणाऱ्याच्या हातात फक्त त्याच्या आवाजाची वही असे. बाकीचे काय करताहेत ते पानावर दिसायचं नाही, ऐकूनच कळायचं. थॉमस मॉर्ली या इंग्लिश संगीतकारानं १५९७ साली संगीत शिकवणारं पुस्तक लिहिलं, त्याच्या सुरुवातीला असा प्रसंग आहे: जेवण झाल्यावर अशा वह्या टेबलावर येतात, यजमानीण पाहुण्याच्या हातात एक देते, त्याला गाता येत नाही, आणि लोक कुजबुजतात की हा वाढला तरी कुठे. त्याच वर्षी जॉन डाउलंड या दुसऱ्या संगीतकारानं गाण्यांचं पुस्तक असं छापलं की ते टेबलाच्या मधोमध उघडं ठेवायचं आणि प्रत्येक आवाजाची ओळ त्या-त्या बाजूला बसलेल्याकडे तोंड करून असायची.

आम्ही तसं करून पाहिलं. सीपीडीएलवर बऱ्याच रचनांची म्युझिकएक्सएमएल फाइलही (संगणकावर बदलता येणारं स्वरलेखन) असते. ती म्यूजस्कोर या मोफत मिळणाऱ्या स्वरलेखनाच्या प्रोग्राममध्ये उघडली की एकेका आवाजाचं पान वेगळं काढता येतं. पहिल्या संध्याकाळी सगळेच हरवलो, पुन्हा पुन्हा थांबलो. पण आता टेनर श्वास घेतो तेव्हाच मला कळतं की तो ओळ सुरू करणार. स्कोअर समोर असताना डोळे हे काम करतात आणि कान आळशी राहतात. म्हणून माझा सल्ला: पहिल्यांदा स्कोअरवरून गा, रचना समजली की तो उलटा ठेवा आणि आपापली ओळ घेऊन बसा. मांडणाऱ्यांनी सुट्या आवाजांच्या प्रती आणखी चढवल्या तर फार बरं होईल. मूळ छापील वह्याच पाहायच्या असतील तर आयएमएसएलपी या दुसऱ्या मोफत ग्रंथालयात अनेकांची छायाचित्रं मिळतात. दोन्ही जवळ असावीत.

आणखी काही बारीक गोष्टी. अमेरिकन लोकांच्या प्रती लेटर आकाराच्या कागदासाठी असतात. ए४ वर छापताना 'पानात बसवा' हा पर्याय निवडा, नाहीतर खालची बासची ओळ कापली जायची शक्यता. कागदाचा आकार यादीत लिहिलेला असतो. टॅब्लेटवरून गाणार असाल तर कमी पानांची प्रत घ्या. एखाद्या प्रतीत चूक सापडली तर विकी असल्यामुळे ती तिथे नोंदवता येते, नोंदवाच, पुढच्या गटाचा वेळ वाचतो.

ज्यांना आत्ता सुरुवात करायची आहे त्यांनी थेट पाच आवाजांच्या मासला हात घालू नये, आणि टॅलिसच्या चाळीस आवाजांच्या रचनेला तर नाहीच (आठ गट, प्रत्येकात पाच. तीसुद्धा इथे आहे, पण तिच्यासाठी एखाद्या अर्ली म्युझिक फोरमची, म्हणजे जुनं संगीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या संघटनेची, दिवसभराची कार्यशाळा गाठावी). आधी थॉमस रेवन्सक्रॉफ्ट या संगीतकाराच्या १६०९ सालच्या संग्रहातले राउंड घ्या. एकच चाल, एकामागून एक सुरू करायची, पानभर कागद. मग टॅलिसचा कॅनन, १५६७ सालचा, त्यात दोन आवाज एकच चाल थोड्या अंतरानं गातात आणि बाकीचे दोन आधार देतात. मग त्याचीच 'इफ यी लव्ह मी', इंग्रजी शब्द, चार आवाज, दोन पानांच्या आसपास. एवढं जमलं की 'आवे वेरुम'. या क्रमानं गेलं तर स्वरलेखन अडखळत वाचणाराही टिकतो, आणि हे सगळं सीपीडीएलवर आहे.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा मी सुट्या आवाजांच्या प्रतींसाठी राखून ठेवलाय. संकेतस्थळ देणग्यांवर चालतं. आम्ही दर वर्षी पाच जण मिळून, छापील प्रती घेतल्या असत्या तर जेवढा खर्च आला असता त्याचा काही भाग तिकडे पाठवतो. तुमचा गट नियमित वापरत असेल तर तुम्हीही पाठवा.

रेडिंग किंवा आसपास कुणी मराठी बास असेल, सोळाव्या शतकातलं गाणं माहीत नसलं तरी चालेल, तर गुरुवारी यावं. टपालवाल्याची बदली उन्हाळ्यात होणार आहे आणि पाच आवाजांचा मास अर्धाच झालाय.